वडिलोपार्जित शेती : सातबारा, नकाशा आणि ताबा

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रे एकाच दुखण्याची आहेत : जमीन आजोबा-पणजोबांपासून घरात आहे, कसणारे घरचेच आहेत, पण कागदावर भलतेच काहीतरी आहे. उत्तरे महाराष्ट्रातील महसूल नियमांना धरून दिली आहेत. वारसाहक्काविषयीची उत्तरे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ज्यांना लागू आहे अशा कुटुंबांपुरती आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि वाचकांची नावे, गावे गाळली आहेत.

प्रश्न : आजोबा १९८९ मध्ये वारले, वडील २०१६ मध्ये. ३ एकर १० गुंठ्यांचा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर आहे. वडिलांना एक भाऊ आणि दोन बहिणी. धाकटी आत्या २०११ मध्ये वारली. आजी आजोबांच्या आधीच गेली होती. आता चुलत्यांचे आणि माझे नाव थेट लागेल का?

थेट लागणार नाही. वारस नोंद मृत्यूंच्या क्रमाने लावावी लागते. आधी आजोबांचे वारस म्हणून चारही मुलांचा हक्क धरायचा, मग २०११ मध्ये वारलेल्या आत्याच्या जागी तिची मुले आणि यजमान, मग २०१६ नंतर तुमच्या वडिलांच्या जागी तुमची आई, तुम्ही आणि तुमची भावंडे. अर्ज एकदम देता येतात, पण वंशावळीत मृत्यूच्या तारखा याच क्रमाने दिसल्या पाहिजेत. आत्या निपुत्रिक वारली असेल तर चित्र बदलते. वडिलांकडून वारसाने आलेली तिची मालमत्ता यजमानांकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते.

जोडायचे कागद फार नाहीत : प्रत्येक मयताचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे, वये, नाती आणि पूर्ण पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, चालू सातबारा, आठ अ चा (खात्यातील सगळ्या जमिनींचा) उतारा आणि अर्जदाराचे ओळखपत्र. अर्ज तलाठ्याकडे (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी) द्या किंवा ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या भरा. तलाठी वारसांची नोंद गाव नमुना ६ क मध्ये घेतो आणि स्थानिक चौकशी करतो. मंडळ अधिकाऱ्याने वारस ठरवले की गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. मग नमुना ९ ची नोटीस सर्व हितसंबंधितांना जाते, एक प्रत चावडीवर लागते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर नावे उमटतात. फेरफार पडला म्हणजे काम झाले असे समजून पुष्कळ जण घरी बसतात. नोंद प्रमाणित झाली का, हे 'आपली चावडी' या संकेतस्थळावर पाहून घ्या.

अर्ज अडतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिले, नावातला फरक. सातबाऱ्यावर 'बाळू', मृत्यू दाखल्यावर 'बाळासाहेब' आणि आधारवर तिसरेच काही. ही सगळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जाबरोबरच द्या आणि शाळा सोडल्याचा दाखला, जुनी मतदार यादी, सोसायटीचे खाते यांपैकी काही आधार जोडा. दुसरे, जुन्या मृत्यूची नोंदच नसणे. एक वर्षाहून जुन्या मृत्यूच्या नोंदीसाठी, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी अथवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. ते प्रकरण आधी संपवा. तिसरे, आणि सर्वांत महागात पडणारे, म्हणजे आत्यांची नावे वगळून केलेली वंशावळ. तिथे सही करणारा प्रत्येक जण खोटे प्रतिज्ञापत्र करतो आणि दहा वर्षांनी उघडा पडतो.

वाद नसेल तर वारस नोंदीसाठी न्यायालयाचा वारस दाखला लागत नाही. तो आणा म्हणून कोणी अडवले तर तसे लेखी मागा. हक्क मिळाल्याची वर्दी जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत द्यायची असते. मुदत गेली म्हणून हक्क जात नाही. मयतांची नावे काढून वारस लावण्याची 'जिवंत सातबारा' मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवली गेली, तरी तुमच्यासारखी दोन पिढ्यांची थकलेली नोंद स्वतः पाठपुरावा केल्याशिवाय सहसा होत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, दोघी बहिणी. बहिणींची लग्ने १९८५ च्या सुमारास झाली, वडील १९९८ मध्ये गेले. आई आहे. गावात सांगतात की २००५ च्या आधी वडील वारले असतील तर बहिणींना हिस्सा नाही. खरे काय?

गावातली समजूत जुनी झाली. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी, झाली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात स्पष्ट केले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. लग्न कधी झाले याचाही संबंध नाही. अपवाद असा : २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप मोडत नाही. 'आमची तोंडी वाटणी झाली होती' हा बचाव, त्या काळचा भक्कम सरकारी कागद दाखवल्याशिवाय टिकत नाही.

जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर प्रश्नच नाही. १९५६ पासूनच मुलगी, मुलगा, विधवा पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत.

हिशेब करून पाहा. वडिलोपार्जित जमिनीत वडील, आई आणि चार मुले असे सहा वाटे धरले तर प्रत्येकी १/६. वडिलांचा १/६ मागे उरलेल्या पाच जणांत, म्हणजे प्रत्येकी १/३०. दोन्ही मिळून १/५. स्वकष्टार्जित जमिनीतही पाच वारसांना १/५ च येतो. तेव्हा तुमच्या घरी 'जमीन कुठल्या प्रकारची' यावर भांडण्यात अर्थ नाही, उत्तर एकच आहे. वडील गेले तेव्हा आजी हयात असेल तर वडिलांच्या वाट्यात तीही एक वारस धरावी लागते आणि मग आकडे बदलतात.

बहिणींना हिस्सा नको असेल तर त्यांनी हक्कसोडपत्र करावे. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलेच हवे. साध्या कागदावरची किंवा नोटरीपुढची सही फेरफाराला चालत नाही. आणि दस्तात हक्क कोणाच्या लाभात सोडला ते नाव घालून लिहा. आईच्या लाभात, एका भावाच्या की दोघांच्या, यावर पुढची सगळी गणिते फिरतात. नोंदलेले हक्कसोडपत्र मन बदलले म्हणून रद्द करता येत नाही, हे बहिणींना सही करण्याआधी सांगणे भावाचे काम आहे. हे न सांगता राखी पौर्णिमेला माहेरी बोलावून सह्या घेण्याचे प्रकार आम्हाला पसंत नाहीत आणि फसवणुकीच्या दाव्यांत ते नेमके अंगाशी येतात.

प्रश्न : पणजोबांची तीन मुले. सातबारा थोरल्याच्या नावावर होता, नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे होते. ते १९७४ मध्ये वारल्यावर फक्त त्यांच्या मुलांची नावे लागली. आम्ही धाकट्याची नातवंडे आजही दोन एकर कसतो, पण आमचे नाव कुठेच नाही.

ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, हा मालक नसतो. तो कुटुंबाच्या वतीने नोंदलेला कर्ता असतो. त्याच्या मृत्यूनंतर फक्त त्याच्या पोटच्या मुलांची नावे लावणे ही चूक होती आणि ती राज्यभर हजारो खात्यांवर झालेली आहे.

पहिले काम पुरावा गोळा करण्याचे. चालू सातबाऱ्यावरचे जुने फेरफार क्रमांक घ्या आणि ते फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद ऑनलाइनही मिळतात. ए.कु.मॅ. नोंद ज्या फेरफाराने आली तो आणि १९७४ चा, हे दोन सर्वांत महत्त्वाचे. गावात एकत्रीकरण योजना झाली असेल तर सर्व्हे नंबरचे गट नंबर झालेले असतात, तेव्हा जुना-नवा नंबर जुळवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. तो नसेल तर १९५० चा कागद आणि आजचा कागद एकाच जमिनीचे आहेत हेच सिद्ध होत नाही. पीकपाहणीत तुमच्या घरच्यांची नावे असतील, शेतसाऱ्याच्या पावत्या असतील, तर त्याही जोडा.

दुसरे काम चुलतभावांशी बोलण्याचे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार लेखनप्रमाद दुरुस्त करतो आणि संबंधित पक्षांनी मान्य केलेली चूकही. चुलतभावांनी लेखी मान्य केले तर रस्ता सोपा आहे. ते नाकारत असतील तर कलम १५५ चा अर्ज करून वर्षे घालवू नका, हक्काचा वाद त्या कलमात बसत नाही. १९७४ च्या फेरफारावर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होते. मुदत ६० दिवसांची, म्हणून विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह लागेल. खरा निकाल मात्र दिवाणी न्यायालयातल्या वाटपाच्या दाव्यातच लागतो. महसुली नोंद मालकी देत नाही आणि घेतही नाही. कलम १५७ प्रमाणे ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकेच. तुम्ही प्रत्यक्ष जमीन कसता ही तुमची सर्वांत जमेची बाजू आहे. ताबा सोडू नका. तुम्हाला हक्कातून वगळल्याचे कळल्यापासून दाव्याची मुदत १२ वर्षे असते. चुलतभावांनी 'तुमचा हिस्सा नाही' अशी नोटीस पाठवली असेल तर ती तारीख जपून ठेवा आणि वकिलाला आधी तीच दाखवा.

प्रश्न : तिघा भावांनी वीस वर्षांपूर्वी तोंडी वाटणी केली. २ हेक्टर ४० आर चा गट, उत्तरेला रस्ता, उतार रस्त्याकडून दक्षिणेला. आडवे तीन पट्टे पाडून जो तो आपापला कसतो. सातबारा सामाईक आहे. आता कागदोपत्री वाटप करायचे आहे. जसे कसतो तसेच लिहून द्यावे का?

लिहून देण्याआधी गटाचा नकाशा समोर ठेवून एकदा पुन्हा मोजून पाहा. तोंडी वाटणी बदलता येते. एकदा पोटहिस्से पडले की बदलणे फार कठीण.

समजा गट रस्त्याच्या बाजूने २०० मीटर आणि आत १२० मीटर आहे. आडवे पट्टे म्हणजे प्रत्येकी २०० बाय ४० मीटर, ८० आर. यात मधल्याला आणि शेवटच्याला रस्ता लागत नाही. शेवटच्याला जायला पहिल्या दोघांच्या रानातून ८० मीटर लांब, ३ मीटर रुंद वाट ठेवली तर २४० चौरस मीटर, म्हणजे २.४ आर गेले. दोन नवे बांध प्रत्येकी २०० मीटर लांब. मीटरभर रुंद धरले तरी ४ आर. एकूण ६.४ आर, म्हणजे सहा गुंठ्यांहून जास्त जमीन वाट आणि बांध खातात. त्याऐवजी उभे पट्टे पाडले, सुमारे ६६.६७ बाय १२० मीटरचे, तर तिघांनाही रस्ता मिळतो, वाटेची गरज नाही आणि दोन बांधांत २.४ आर च जातात. शिवाय उताराच्या रानात वरच्या अंगाला मुरमाड, खालच्या अंगाला गाळाची काळी आणि पावसाळ्यात चिबड, असे असते. आडव्या पट्ट्यांत एकाला सगळा मुरूम आणि एकाला सगळी चिबड येते. उभ्या पट्ट्यांत तिघांना सगळ्याचा वाटा मिळतो.

उभ्या पट्ट्याची खोड अशी की बांध उताराच्या दिशेने जातात आणि पाणी बांधाच्या कडेने धावत माती नेते. त्यामुळे प्रत्येक पट्ट्यात उताराला आडवे बांध-ताली कायम ठेवायच्या आणि पेरणी आडवीच करायची. ६६ मीटरचे तास (नांगरटीची ओळ) ट्रॅक्टरला आखूड पडते, वळणे जास्त होतात, पण चालते. रस्त्याची अडचण असेल तर आमचा कल उभ्या पट्ट्यांकडे आहे. मात्र कोणी आडव्या पट्ट्यात बाग लावली असेल, पाइपलाइन किंवा शेततळे केले असेल, तर आहे तेच ठेवून रस्ता लिहून घेणे शहाणपणाचे.

वाटे बरोबरीचे नसतील तर क्षेत्राने भरपाई करा. हलक्या रानाला जास्त आर, भारी रानाला कमी. किती कमी-जास्त, हे पिकाच्या सरासरी उताऱ्यावर तिघांनी बसून ठरवायचे. थोरल्याने वाटे पाडावेत आणि धाकट्याने आधी उचलावा ही जुनी रीत अजूनही सर्वांत कमी भांडणे लावते, कारण वाटे पाडणाऱ्याला शेवटचा वाटा मिळणार असतो.

मग कागद. तिघांची आणि बहिणी असल्यास त्यांचीही संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करा किंवा दुय्यम निबंधकाकडे वाटपपत्र नोंदवा. दोन्ही मार्ग चालतात. शेतजमिनीच्या वाटपपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी साध्या कागदावर आपसात लिहून ठेवण्यात काही हशील नाही. अर्जासोबत चालू सातबारा, आठ अ, गटाचा नकाशा, प्रत्येकाच्या वाट्याचे क्षेत्र आणि चतुःसीमा दाखवणारा कच्चा नकाशा आणि सर्वांची संमती लागते. तहसीलदार सर्वांना बोलावून जबाब घेतो. एक जरी खातेदार आला नाही किंवा फिरला तर कलम ८५ चा मार्ग बंद होतो आणि दिवाणी दावाच उरतो. दाव्याचा हुकूमनामा झाला की शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. त्यात आणखी काही वर्षे जातात, हे गृहीत धरा.

वाटपपत्रात पुढील गोष्टी हमखास राहतात : पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) कोणाकडे किती, बांधावरची झाडे कोणाची, विहीर आणि मोटार, जमिनीखालची पाइपलाइन, गोठा आणि खळ्याची जागा, वाटेची लांबी-रुंदी. 'पूर्वापार वहिवाटीप्रमाणे' असे लिहिणारा लेखक मिळाला तर त्याला उठवून दुसरा गाठा. मीटरमध्ये लिहा. सातबाऱ्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) असेल तर त्यांचे संमतीपत्र आधी घ्या. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी) असेल तर अटी आणि परवानगी पाहूनच पुढे जा.

आदेशाचा फेरफार झाला की तिघांचे सातबारे वेगळे होतात आणि इथेच बहुतेक कुटुंबे थांबतात. कागद फुटला, नकाशा तसाच एकसंध राहिला. त्यामुळे पुढच्या पिढीत 'माझा हिस्सा नेमका कुठे' हे कोणालाच दाखवता येत नाही. म्हणून लगेच भूमी अभिलेख कार्यालयाकडे पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी तिघेही आणि चारही बाजूंचे लगतचे खातेदार हजर असावेत. नोटीस लगतवाल्यांना पोचली नाही तर मोजणी पुढे आक्षेपात अडकते. उभे पीक, वाढलेली बाभूळ, पाणी साचलेले रान यांमुळे मोजणी रद्द होते, तेव्हा रब्बी निघाल्यावरची तारीख मागा. हद्दीच्या खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड पुरा. नुसत्या चुन्याच्या रेघा आणि काठ्या पहिल्या नांगरटीला जातात. मोजणी नकाशाची 'क' प्रत प्रत्येकाने घ्यावी आणि आकारफोड (शेतसाऱ्याची हिश्शांत विभागणी) होऊन क्षेत्र व आकार सातबाऱ्याशी जुळतो का ते पाहावे. गटाचे मूळ क्षेत्र आणि तिन्ही हिश्शांची बेरीज यांत आराचाही फरक नको.

प्रश्न : वाटणीत विहीर सामाईक ठेवली. पाळीवरून दर उन्हाळ्यात भांडण होते.

विहिरीभोवती दोन-तीन गुंठे आणि पाइपलाइनची वाट सामाईक म्हणून नकाशात दाखवा. प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात 'अमुक गटातील विहिरीत १/३ हिस्सा व पाण्याच्या पाळीचा हक्क' अशी नोंद घ्या. ज्याच्या वाट्यात विहीर येते त्याने उद्या विकले तर नव्या मालकाला ही नोंदच अडवते.

पाळी वारांवर ठरवू नका. जिथे शेतीपंपाला आठवड्यातून काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास वीज मिळते, तिथे सोमवार-मंगळवार ज्याचे त्याला महिनाभर रात्रीचीच पाळी येते. तिघे असाल तर एकामागून एक फिरत्या दिवसांची पाळी ठेवा. वीज गेल्यास दिवस पुढे सरकणार की बुडणार, तेही लिहा. आम्ही म्हणू, चार तासांहून जास्त वीज गेली तर सरकावा, त्याहून कमी असेल तर बुडाला. मीटर एकाच्याच नावावर असतो. वीजबिल आणि मोटार जळाल्याचा खर्च हिश्शाप्रमाणे की पाणी घेतलेल्या क्षेत्राप्रमाणे, हे आधी ठरवा. गाळ काढण्याचा खर्च मात्र हिश्शाप्रमाणेच असावा, त्या वर्षी पाणी घेतले असो वा नसो.

प्रश्न : ३० गुंठे जिरायत, तीन भाऊ. तहसीलमध्ये वाटप होत नाही म्हणतात.

बरोबर सांगतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. तुमचे वाटे दहा-दहा गुंठ्यांचे पडतात. वारस म्हणून तिघांची नावे आणि हिस्से लागतील, त्याला तुकडेबंदी आड येत नाही. अडते ते फक्त प्रत्यक्ष वाटप. एकाने जमीन ठेवून दोघांना पैसे द्यावेत हा कायद्यानेच सुचवलेला मार्ग आहे. नाही तर सामाईक ठेवून वर्षाआड कसा. विहीर असून नोंद नसेल तर आधी विहिरीची नोंद सातबाऱ्यावर घ्या, मग बागायत म्हणून विचारा. ११-११ महिन्यांच्या करारांनी किंवा 'गुंठेवारी'च्या नोटरीने तुकडा पाडून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

प्रश्न : सातबारा आमचा एका गटाचा, पण आजोबांपासून कसतो ती शेजारची जमीन. शेजारी आमची कसतात. दोघांचीही तक्रार नाही.

गटवारीच्या वेळी झालेली ही अदलाबदल. तक्रार नाही तोवरच दुरुस्त करा. ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने आलेली सलोखा योजना याच कामासाठी आहे. दोघांचा परस्परांच्या जमिनीवरचा ताबा किमान १२ वर्षांचा हवा, तलाठी आणि मंडळ अधिकारी यांचा पंचनामा हवा आणि मग अदलाबदल दस्त नोंदवायचा. मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये. क्षेत्रात फरक असला तरी चालतो. योजना मुदतीची आहे, तेव्हा पिकाचे कारण सांगून लांबवू नका.

प्रश्न : भावाने वाटपाआधीच आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकायचे ठरवले आहे. थांबवता येईल?

हिस्सा विकण्यापासून सरसकट थांबवता येत नाही. पण जमीन तुम्हा दोघांना वडिलांचे पहिल्या वर्गातील वारस म्हणून मिळाली असेल, तर उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ती घेण्याचा पहिला हक्क तुमचा आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. भावाला लेखी कळवा की तुम्ही घ्यायला तयार आहात. किमतीवर जमले नाही तर ती न्यायालय ठरवते. खरेदीखत झालेच, तर घेणाऱ्याला भावाचा हिस्सा मिळतो, अमुक एक तुकडा मिळत नाही. तो दाखवेल त्या चतुःसीमेवर ताबा देऊ नका.

प्रश्न : वय ७४. माझ्या हयातीतच मुलांना जमीन लावून द्यावी की मृत्युपत्र करावे?

कसायला मुले आणि उतारा तुमच्या नावावर, अशी अडचण असली तरी सगळी जमीन आज देऊ नका. बक्षीसपत्र केले की मालकी त्या क्षणी जाते. करायचेच असेल तर 'देखभाल करावी' ही अट दस्तातच लिहा. अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागता येतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार तुमच्यासमोर सही करणारे हवेत, आणि ते लाभार्थी नसावेत, तुमच्यापेक्षा वयाने बरेच लहान असावेत. वडिलोपार्जित जमिनीत तुम्ही फक्त स्वतःच्या हिश्शाचे मृत्युपत्र करू शकता. सबंध गट एकाच मुलाला लिहून दिलेली मृत्युपत्रे इथेच पडतात.

प्रश्न : वडिलांच्या नावावर सोसायटीचे पीककर्ज होते. वारस नोंद केली तर कर्ज आमच्या डोक्यावर येईल या भीतीने नोंदच केली नाही.

नोंद न केल्याने कर्ज टळत नाही, बोजा जमिनीवरच राहतो. वारसांची जबाबदारी वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. नोंद नसल्याने तोटा मात्र रोजचा आहे : नवे पीककर्ज नाही, पीकविमा नाही, आणि कृषी योजनांसाठी लागणारा शेतकरी ओळख क्रमांकही स्वतःच्या नावावरच्या क्षेत्राशिवाय निघत नाही. कर्ज फिटल्यावर निरंक (काही बाकी नसल्याचा) दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज लगेच द्या. फिटलेल्या कर्जाचे बोजे वर्षानुवर्षे सातबाऱ्यावर तसेच राहतात आणि वाटपाच्या दिवशी आडवे येतात.

प्रश्न : माझ्या नावापुढे अजून 'अ.पा.क. आई' असे आहे. वय ३१.

अज्ञान पालनकर्त्याची नोंद तुम्ही १८ वर्षांचे झाल्यावर आपोआप जात नाही. जन्म दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून ई-हक्कमधून 'अ.पा.क. शेरा कमी करणे' हा अर्ज करा. एक गोष्ट तपासा : तुम्ही अज्ञान असताना तुमच्या हिश्शाची विक्री आईच्या सहीने झाली असेल, तर त्याला न्यायालयाची परवानगी होती का, ते खरेदीखतात पाहा. परवानगीशिवाय झालेली विक्री तुम्हाला आव्हान देता आली असती, पण सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत. तुमची ती मुदत गेली आहे. धाकटे भावंड २१ च्या आत असेल तर त्याची अजून आहे.